नऊ-सहाचा तक्ता

लास व्हेगासच्या मोठ्या कॅसिनोत जुगाराची हजारभर यंत्रे सहज मांडलेली असतात. त्यांतल्या एखाद्या स्लॉट मशिनसमोर उभे राहून ‘बाबा रे, शंभर डॉलर घातले तर सरासरी किती परत देतोस?’ असे विचारले, तर उत्तर मिळायची सोय नाही. यंत्रावर ते लिहिलेले नसते, तिथे फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक नसते आणि ज्याला ठाऊक असते तो सांगत नाही. एकाच नावाची, एकाच चित्रांची दोन यंत्रे खेटून उभी असली तरी त्यांच्या पोटातली सेटिंग वेगळी असू शकते. नेवाडा राज्याचा नियम फक्त तळ आखून देतो: सैद्धांतिक परतावा ७५ टक्क्यांखाली नको. त्याच्यावर कुठे थांबायचे ते कॅसिनोचे कॅसिनो ठरवते.

व्हिडिओ पोकरचे तसे नाही. पडद्यावर पत्ते दाखवणार असाल तर ते खऱ्या बावन्न पानांच्या कॅटसारखेच वागले पाहिजेत, असाही नेवाडाचा नियम आहे. हाताने पिसलेल्या कॅटमधून इस्पिकचा एक्का येण्याची जेवढी शक्यता, तेवढीच यंत्रातही असली पाहिजे. या एका नियमाचा परिणाम फार दूरवर जातो. कॅसिनोला पानांशी चाळा करता येत नाही. जास्त कमवायचे असेल तर कोणत्या हाताला किती पैसे द्यायचे, तेवढेच बदलता येते, आणि ते आकडे खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तक्त्यात छापलेले असतात. म्हणजे या खेळाचा भाव उघड आहे. कागद-पेन्सिल आणि चिकाटी असेल तर तो दशांश चिन्हापुढच्या दुसऱ्या अंकापर्यंत काढता येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत लेनी फ्रोम नावाच्या निवृत्त विमान-अवकाश अभियंत्याने नेमके हेच केले आणि सामान्य खेळाडूंच्या हातात तयार कोष्टके ठेवली.

खेळ असा. पैज लावली की पाच पाने येतात. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची, बटण पुन्हा दाबले की टाकलेल्यांच्या जागी नवी येतात. हात संपला. समोर कोणी प्रतिस्पर्धी नाही, त्यामुळे थापा मारणे नाही, चेहरा कोरा ठेवणे नाही. तीन पत्ती खेळून वाढलेल्या माणसाला यात ‘चाल’ आणि ‘ब्लाइंड’ नसल्याने पहिल्यांदा जरा चुकल्यासारखे होते. पण सिक्वेन्स आणि कलर भेटले की ओळख पटते. फक्त इथे ते पाच पानांचे हवेत.

सगळ्यात साधा आणि जुना प्रकार ‘जॅक्स ऑर बेटर’. गुलामाची किंवा त्याहून मोठी जोडी आली तर लावलेले पैसे परत. दोन जोड्यांना दुप्पट, तीन सारख्या पानांना तिप्पट, सिक्वेन्सला चौपट, कलरला सहापट, तीन सारखी अधिक एक जोडी म्हणजे फुल हाउसला नऊपट. चार सारख्यांना २५, एकाच रंगाच्या सिक्वेन्सला ५०. आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का अशी एकाच रंगाची पाच आली की रॉयल फ्लश: ८०० पट. हे सगळे आकडे लावलेली पैज धरून आहेत. त्यामुळे गुलामाच्या जोडीवर यंत्र कितीही आनंदाने किणकिणले तरी नफा शून्यच.

अनुभवी खेळाडू यंत्रासमोर बसण्याआधी या तक्त्यातल्या फक्त दोन ओळी पाहतो, फुल हाउस आणि कलर. तिथे ९ आणि ६ असतील तर ते ‘नाइन-सिक्स’ यंत्र. चुका न करता खेळल्यास त्याचा परतावा ९९.५४ टक्के. तिथे ८ आणि ५ असतील तर ९७.३० टक्के. ७-५ म्हणजे ९६.१५ आणि ६-५ म्हणजे बरोबर ९५. फुल हाउस सरासरी दर ८७ हातांत एकदा आणि कलर ९१ हातांत एकदा लागतो, म्हणून त्यांच्यासमोरचा प्रत्येक अंक एकाने उतरवला की खेळणाऱ्याचा एक टक्क्याहून थोडा जास्त हिस्सा जातो. कॅसिनो याच दोन ओळींना का हात लावते, तेही उघड आहे. रॉयल फ्लशचे ८०० खाली आणले तर ते कोणाच्याही लक्षात येईल. नवाचे आठ झालेले बहुतेकांना दिसतही नाही. मला तरी ही फसवणूक वाटत नाही. भाव बदललेला असतो आणि पाटीही बदललेली असते. पाटी वाचायची तसदी गिऱ्हाईक घेत नाही, एवढेच.

चांगली पाटी कुठे सापडते, याला साधारण भूगोल आहे. पर्यटकांनी भरलेल्या ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरच्या झगमगाटात, विशेषतः कमी पैशांच्या यंत्रांवर, तक्ते हलके असतात. व्हेगासमध्ये राहणारे लोक ज्या आडबाजूच्या कॅसिनोंत जातात तिथे ते बरे असतात, कारण ते गिऱ्हाईक दर आठवड्याला येते, आकडे तोंडपाठ ठेवते आणि चिडले तर समोरच्या दुकानात जाते. विमानतळावर, पेट्रोल पंपावर, किराणा दुकानातही नेवाडात यंत्रे असतात. तिथे बसूच नये. बारच्या काउंटरमध्ये बसवलेल्या यंत्रांबद्दल मात्र लोकांचा गैरसमज फार गोड असतो: खेळत राहिले की बिअर फुकट. पाव डॉलरचे ६-५ यंत्र, गप्पा मारत तासाला ३०० हात, दर हाताला पाच नाणी म्हणजे सव्वा डॉलर असा हिशोब केला, तर तासाला ३७५ डॉलर यंत्रातून फिरतात आणि त्यातले सरासरी १८.७५ डॉलर तिथेच राहतात. तासात दोन बिअर घेतल्या, तरी एकेक नऊ डॉलरच्या पुढे पडली.

पत्त्यांच्या यंत्रांचा इतिहास मात्र एवढा सरळ नाही. १८९१ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात सिटमन आणि पिट या कंपनीने एक यंत्र काढले. पाच फिरते पिंप, त्यांच्यावर चिकटवलेली पाने, एक दांडी. सलूनमध्ये ठेवलेल्या या यंत्रात नाणे टाकून दांडी ओढायची. हात चांगला लागला तर दुकानदार बिअर नाहीतर सिगार द्यायचा. गंमत पिंपांवरच्या पानांत होती. ती बावन्न नव्हे, पन्नास असत. बहुतेक वेळा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम गायब. दोन पाने काढून काय मोठेसे होते, असे वाटेल. पण दश्शीशिवाय इस्पिकचा रॉयल फ्लश होत नाही आणि गुलामाशिवाय बदामचा होत नाही. चारपैकी दोन रॉयल कायमचे बंद. पुढे नेवाडाने ‘पत्ते दाखवायचे तर खरे दाखवा’ असा नियम करण्यामागे हा सगळा जुना अनुभव होता, असे मानायला जागा आहे.

जिंकण्याचे पैसे यंत्रानेच मोजून द्यावेत, या हव्यासापायी पोकर मधली कित्येक दशके मागे पडला. पाच पिंपांचे असंख्य हात ओळखून पैसे देणे त्या काळच्या दातेरी चाकांना जमणारे नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे याने तीन चाकांचे ‘लिबर्टी बेल’ केले, आणि स्लॉट मशिनने बाजार मारला. पोकरला पुन्हा दिवस आले ते मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर. नेवाडात बॅली कंपनीची यंत्रे विकणारा, मूळचा मिसिसिपीचा सायलस ऊर्फ ‘साय’ रेड हा माणूस टीव्हीच्या पडद्यावरच्या जुगाराच्या मागे लागला होता. बॅलीला त्यात फारसा रस नव्हता. कंपनी सोडताना रेडने व्हिडिओ यंत्रांचे हक्क स्वतःकडे घेतले, आणि त्याच्या नव्या कंपनीने १९७९ मध्ये ‘ड्रॉ पोकर’ बाजारात आणले. ही कंपनी पुढे आयजीटी, म्हणजे इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी, या नावाने जगभर पसरली. पडद्यावर फिरणाऱ्या चित्रांवर लोकांचा तेव्हा विश्वास नव्हता. पत्त्यांवर होता, शिवाय कुठली पाने ठेवायची हे आपण ठरवतो, म्हणजे खेळ आपल्या हातात आहे, अशी भावना होती. ती भावना खोटी नाही, पण तिची किंमत किती हे हातात पाने आल्यावर कळते.

समजा तुमच्याकडे बदामचे पाच पत्ते आले: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि नव्वी. कलर झाला. सहापट पैसे खिशात. पण दश्शी आली असती तर रॉयल होता. नव्वी टाकायची का?

कॅटमध्ये ४७ पाने उरली आहेत. त्यातले एक, बदामची दश्शी, ८०० देते. बदामची उरलेली सात पाने पुन्हा कलरच करून देतात, सहापट. इतर रंगांच्या तीन दश्श्यांनी सिक्वेन्स होतो, चौपट. एक्का, राजा, राणी, गुलाम यांच्या बारा पानांपैकी एखादे आले तर जोडी होऊन पैज परत. बेरीज ८०० अधिक ४२ अधिक १२ अधिक १२, म्हणजे ८६६. भागिले ४७, उत्तर १८.४३. हातातल्या खात्रीच्या सहापटीच्या जागी सरासरी साडेअठरा पट. गणित म्हणते, नव्वी फेका.

आता हीच गोष्ट माणसाच्या बाजूने पाहा. ४७ पैकी २४ पानांवर काहीच मिळत नाही. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा तुम्ही हातातला कलर फोडून रिकामे राहता, आणि शेजारचा माणूस तुमच्याकडे दयेने पाहतो. योग्य निर्णय बहुतेक वेळा वाईट दिसतो. खेळाचे खरे कौशल्य इथे आहे. उलट ज्या गोष्टी मनाला पटतात त्या चुकीच्या निघतात. हातात चौकीची जोडी आणि सुटा एक्का असेल तर बहुतेक नवखे एक्का ठेवतात, कारण तो मोठा. ठेवायची असते ती जोडी. काही जण जोडीसोबत एक्काही धरून ठेवतात, ‘असू दे’ म्हणून. त्या ‘असू दे’ने तीन सारखी येण्याची एक संधी फुकट जाते. पाच पाने ठेवण्या-टाकण्याचे ३२ मार्ग असतात आणि त्यातला बरोबर एकच असतो. नऊ-सहाचे ९९.५४ टक्के हे त्या बरोबर मार्गाने जाणाऱ्याचे आहेत. यंत्र ते कोणालाही बहाल करत नाही.

पाच नाण्यांची अट याच जातीची. एक ते चार नाणी लावली तर रॉयलला प्रत्येक नाण्यामागे २५० मिळतात. पाचवे लावले की प्रत्येकामागे ८००. पाव डॉलरच्या यंत्रावर पाच नाणी म्हणजे सव्वा डॉलर, आणि रॉयलचे १,००० डॉलर. कमी नाण्यांनी खेळणारा काटकसरीच्या समाधानात सुमारे सव्वा टक्का घालवून बसतो.

इथपर्यंत आल्यावर हुशार वाचक म्हणतो, मग नऊ-सहाचे यंत्र शोधायचे, कोष्टक पाठ करायचे, आणि अर्ध्या टक्क्याहून कमी खर्चात शनिवार-रविवार मजेत घालवायचे. शुक्रवारी संध्याकाळी लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट १५ वर वाळवंटातून निघालेल्या गाड्यांच्या रांगेत असे हिशोबी लोक पुष्कळ असतात, आणि त्यात आपली मराठी सॉफ्टवेअर मंडळीही असतात. त्यांचे गणित बरोबर आहे. गोची सुट्टीच्या लांबीत आहे.

रॉयल फ्लश नीट खेळणाऱ्याला सरासरी ४०,३९१ हातांत एकदा लागतो. ९९.५४ पैकी जवळजवळ दोन टक्के, नेमके सांगायचे तर १.९८, या एका हाताचे आहेत. आता सुट्टीतला खेळ मोजा. तासाला ६०० हात ही सवयीच्या खेळाडूची बेताची गती. शुक्रवार रात्र ते रविवार दुपार मिळून दहा तास बसलात तर ६,००० हात, सव्वा डॉलरने ७,५०० डॉलरची उलाढाल. कागदावरचा तोटा ३४ डॉलर ५० सेंट. पण एवढ्या हातांत रॉयल न लागण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के आहे. सातांपैकी सहा सुट्ट्या रॉयलशिवाय जाणार. तो नसेल तर परतावा साडेसत्त्याण्णवपर्यंत उतरतो आणि सरासरी तोटा १८३ डॉलर होतो. आठ-पाचच्या यंत्रावर तोच साडेतीनशेच्या घरात जातो. नशिबाची नेहमीची चढउतार दोन्ही बाजूंना चारशे डॉलरची, ती वेगळीच. जिंकून घरी येणारेही असतात. चार सारख्या पानांचे हात सरासरी ४२३ हातांत एकदा लागतात, ते जरा दाटीने आले की रविवार गोड होतो.

तक्त्यावरचा भाव खरा असतो, पण तो लाखभर हात खेळणाऱ्यासाठी असतो. कॅसिनो दररोज लाखो हात खेळते, म्हणून तिला तो पूर्ण लागू पडतो. पाहुण्याला तो त्याच्या दोन दिवसांत भेटेलच असे नाही.

आणि ६०० हा आकडाही साधा नाही. टेबलावर माणसांबरोबर पोकर खेळताना तासाला पंचवीस-तीस हात होतात. पाने पिसायला वेळ लागतो, कोणीतरी विचार करतो, कोणी विनोद करतो. यंत्राने ही सगळी मोकळी जागा काढून टाकली. पूर्वी नाणी घालावी लागत, बादलीत मोजावी लागत. आता नोट आत जाते आणि बारकोडची चिठ्ठी बाहेर येते. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाउ शूल यांनी व्हेगासमध्ये वर्षानुवर्षे यंत्रांपुढे बसणाऱ्या लोकांशी बोलून २०१२ मध्ये ‘ॲडिक्शन बाय डिझाइन’ हे पुस्तक लिहिले. त्यातले खेळाडू ज्याला ‘मशीन झोन’ म्हणतात ती अवस्था जिंकण्याच्या आशेची नव्हे. वेळ, पैसा, घर, शरीर यांचे भान सुटून खेळ नुसता चालू राहावा, एवढीच त्यात इच्छा असते. मोठे बक्षीस लागले की लय मोडते म्हणून वैतागणारे लोकही त्यांना भेटले. व्हिडिओ पोकर या बाबतीत स्लॉटपेक्षा निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. दर सहा सेकंदांना एक निर्णय घ्यायचा असल्याने डोके गुंतते, आणि गुंतलेल्या डोक्याला आपण काहीतरी कसबाचे काम करतो आहोत असे वाटत राहते. कसब त्यात खरोखरच असते, म्हणूनच उठणे जास्त अवघड.

मुंबई-पुण्याच्या माणसाची कॅसिनोची सुट्टी अर्थात व्हेगासला नव्हे, गोव्याला जाते. महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा संमत झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा कायदाही १९७६ चाच, पण तिथे १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला वाट मिळाली, आणि नंतरच्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलांनाही. म्हणून मांडवीतल्या बोटींवर पत्ते वाटणारी माणसे दिसतात, तर हॉटेलातले कॅसिनो कायद्याने यंत्रांपुरते. तिथे व्हिडिओ पोकरचे यंत्र दिसले तर या प्रकरणातले आकडे जसेच्या तसे लावू नयेत. हे सगळे गणित ‘पडद्यावरचा कॅट खऱ्या कॅटसारखाच’ या नेवाडाच्या नियमावर उभे आहे. तो नियम जिथे लेखी दाखवता येत नाही, तिथे तक्ता वाचून परतावा काढणे म्हणजे अंदाज.

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आई-वडिलांची मात्र व्हेगास आणि ग्रँड कॅन्यन ही ठरलेली सहल असते, आणि त्यांच्यासाठी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. यंत्रावर एका वेळी ठरावीक रकमेपेक्षा मोठे बक्षीस लागले की यंत्र थांबते, कर्मचारी येतो आणि कराचा फॉर्म भरून मगच पैसे हातात देतो. १९७७ पासून कित्येक दशके ही मर्यादा १,२०० डॉलरची होती. तिथला करदाता असलेला मुलगा पूर्ण रक्कम घेऊन जातो आणि वर्षाखेरीस विवरणपत्रात दाखवतो. पण पर्यटक-व्हिसावर आलेल्या भारतीयाच्या बक्षिसातून कॅसिनो ३० टक्के जागीच कापते. डॉलरच्या यंत्रावर पाच नाण्यांनी रॉयल लागला तर ४,००० मधून १,२०० गेले, २,८०० उरले. म्हणजे पाहुण्यासाठी रॉयल ८०० पटीचा नसून ५६० पटीचा, आणि नऊ-सहाचा परतावा ९९.५४ नसून ९८.९५. पाव डॉलरच्या यंत्रावर हाच रॉयल १,००० डॉलरचा, त्यामुळे जुन्या मर्यादेतही फॉर्मचा प्रश्न येत नाही. कॅसिनोत साधारण प्रथा अशी आहे की बक्षीस बटण दाबणाऱ्याचे; नोट कोणी घातली होती हे कोणी विचारत नाही. तेव्हा डॉलरच्या यंत्रावर बदामची चार मोठी पाने जमली असतील, तर ‘आई, तुझा हात लाव गं, तुझ्या हाताला यश आहे’ असे म्हणण्याआधी मुलाने पासपोर्ट कोणाचा कुठला आहे हे आठवावे.